हरिपूरचं पेव आणि आमच्या घरची हळद



चातुर्मासाच्या आधी स्वयंपाकघर आवरायचं काम तुमच्याकडेही चालू असेल. गेल्या आठवड्यात मी मसाल्याचे डबे उन्हात मांडले होते आणि तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं तिला विचारलं होतं, "तुम्ही आलं खात नाही, पण सुंठ खाता. ओली हळद खात नाही, पण हळदपूड रोज खाता. हे कसं?"

आपल्या घरात सांगतात तेच मी तिला सांगितलं. ओलं आलं, ओली हळद म्हणजे कंद. त्यात अनंत जीव मानले आहेत. तोच कंद पूर्ण वाळला की अचित्त होतो. शिवाय हळद काही कोणी बटाट्यासारखी पोटभर खात नाही, चिमूटभर घालतो. लेक म्हणाली, "ते कळलं गं आई. पण तो कंद कोणीतरी जमिनीतून काढला, उकळला, वाळवला, तेव्हाच तो अचित्त झाला ना? आणि ते काम तर आपल्याच शेतात व्हायचं. त्याचं काय?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. "सावकाश सांगते" म्हणून फोन ठेवला. आज ते सावकाश सांगायला बसले आहे. पण नुसतं आमच्या घराचं सांगून ते पुरं होणार नाही, त्यासाठी सांगली शहराचं सांगावं लागेल. आपल्यापैकी कितीतरी जणींचं माहेर किंवा सासर या शहराच्या बाजारावर पोसलेलं आहे आणि हा बाजार हळदीवर उभा राहिलेला आहे.

गाव कसं वाढलं

सांगली हे फार जुनं शहर नाही. जुनं आणि मोठं गाव मिरज. पटवर्धनांच्या घरात वाटण्या झाल्या आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणराव अप्पासाहेब मिरजेहून वेगळे होऊन कृष्णेकाठच्या या लहान गावी आले. त्यांनी किल्ला बांधला, गणपतीचं देऊळ बांधायला घेतलं आणि पेठा वसवल्या. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' त्यांच्याच आश्रयानं झालं, म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. शाळेत आपण तेवढंच शिकतो.

पण नाटकावर गाव जगत नाही. गाव जगलं ते गणपती पेठेतल्या दुकानांवर. नकाशा डोळ्यांपुढे आणून बघा. पश्चिमेला कृष्णा-वारणेची काळी, पाणीदार जमीन. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा कोरडा मुलूख, जिथे ज्वारी-बाजरी आणि मेंढरं. दक्षिणेला कर्नाटक हाकेच्या अंतरावर. शेजारी मिरजेला रेल्वेचं मोठं जंक्शन. एका बाजूचा ऊस, हळद, गूळ आणि दुसऱ्या बाजूचं धान्य, मिरची, शेंगा यांची गाठ पडायला मधे एक बाजार लागतो, तो सांगलीत झाला. १९१६ मध्ये सांगली बँक निघाली. पुढे कितीतरी घरांची ठेव त्या बँकेत होती. २००७ मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा आमच्या गल्लीत कोणी वारल्यासारखं वाटलं होतं.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर या भागातल्या शेतात पोचला. १९३९ मध्ये भिलवडीला चितळ्यांचा दुधाचा धंदा सुरू झाला. १९५० च्या दशकात वसंतदादा पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. यातला प्रत्येक धंदा शेताच्या बांधावरून शहरात आला. नांगर, दूध, साखर, बेदाणा, हळद. आजही सांगली-मिरज-कुपवाड मिळून पाच लाखांचं शहर आहे, पण पावसानं ओढ दिली की पेठेतल्या कापडदुकानात गिऱ्हाईक दिसत नाही.

आपली माणसं

बाहेरच्या माणसाला जैन म्हटलं की दुकान आणि गादी आठवते. सांगलीत तसेही जैन आहेत. गुजराती, मारवाडी घरं पिढ्यान् पिढ्या व्यापारात आहेत. पण सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातले आपले दिगंबर जैन प्रामुख्यानं शेतकरी. पाटील, मगदूम, चौगुले ही आडनावंच सांगतात. आचार्य शांतिसागर महाराजही बेळगाव जिल्ह्यातल्या भोजच्या शेतकरी घरातलेच.

ही शेतकरी घरं शहराला जोडली गेली ती शिक्षणामुळे. १८९९ मध्ये स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. तिनं जागोजागी बोर्डिंगं काढली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि आपल्या आचाराचं जेवण मिळालं, म्हणून तो शिकला. कुंभोजचे भाऊराव पाटील एकेकाळी किर्लोस्करांच्या नांगराचे आणि ओगल्यांच्या काचमालाचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरत. त्या फिरण्यात त्यांनी खेड्यातली पोरं पाहिली आणि १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज धोंडूमामा साठ्यांनी १९४७ मध्ये सुरू केलं. पुढे त्याला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचं नाव मिळालं. आमच्या घरातला पहिला इंजिनिअर, माझे धाकटे दीर, तिथेच शिकले. त्यांची फी हळदीच्या पट्टीतून गेली.

आता हळदीकडे येते.

अक्षय्य तृतीयेपासून

आपल्या दृष्टीनं अक्षय्य तृतीया म्हणजे आदिनाथ भगवंतांच्या आहाराचा दिवस. श्रेयांस राजानं त्यांना उसाचा रस दिला तो दिवस. आमच्या सासरी त्याच दिवसाच्या आगेमागे हळदीची लागण व्हायची. मामंजी म्हणायचे, "असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कामं भगवंतांनीच माणसाला शिकवली. शेती आणि व्यापार दोन्ही त्यात आहेत. पण शिकवलं म्हणजे वाटेल तसं करायला सांगितलं नाही."

हळदीला नऊ महिने लागतात. माघ-फाल्गुनात पाला कापायचा, कुदळीनं कंद काढायचे. इथपर्यंत पुरुषांचं काम. पुढचं सगळं बायकांचं. माती झाडायची, जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. जेठे गड्डे बेण्याला ठेवायचे. हळकुंडं काहिलीत घालून वर हळदीचाच पाला आणि पोती झाकून शिजवायची. कमी शिजली तर आत पिठाळ राहते, जास्त शिजली तर रंग जातो. काडी टोचून बघायची, ती सहज आत गेली की उतरवायची. मग पंधरा दिवस उन्हात पसरायची आणि रोज हलवायची. शेवटी पॉलिश. ढोल यायच्या आधी खरबरीत जागेवर पोत्यानं घासून घासून वरची साल काढायचे. आत्याबाई सांगायच्या, त्या दिवसांत भाकरीसुद्धा पिवळी व्हायची.

आमच्या घरात या कामाला अजून काही नियम होते. काहिलीत गाळलेलंच पाणी. लाकूड झाडून, किडा-मुंगी बघूनच चुलाणात घालायचं. आणि सूर्य मावळला की चुलाण बंद. उजेडावर किडे येतात, जाळात पडतात, म्हणून. शेजारचे लोक रात्रभर काहिली चालवून आठ दिवसांत मोकळे व्हायचे, आम्हाला पंधरा लागायचे. पंधरा दिवसांची मजुरी जास्त, लाकूड जास्त, आणि माल बाजारात उशिरा. मजूर बायकांना रोज मिळायचा. घरातल्या बायकांना अर्थातच काही नाही. हा खर्च कुठल्याही हिशोबात 'धर्म' म्हणून लिहिलेला नाही.

पेव

वाळलेली हळद ठेवायची कुठे? सांगलीच्या बाजाराचं खरं गुपित हेच होतं. शहराला लागून हरिपूर आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. तिथली जमीन अशी घट्ट की आत पाणी पाझरत नाही. त्या जमिनीत खोल खड्डे घेतलेले असत. तोंड लहान, माणूस उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं, रांजणासारखं. तळाला आणि कडेला पाला-पाचोळा लावून हळद ओतायची आणि वरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हे पेव. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. बंद पेवात हळद वर्षानुवर्षं राहायची, आणि रंग उतरण्याऐवजी चढतो असं जाणते सांगत. औषधाची फवारणी नाही, धुरी नाही. मामंजींना त्याचंच मोठं समाधान. ते म्हणत, "कीड मारावी लागत नाही, ती होतच नाही. यापेक्षा चांगली साठवण श्रावकाला कुठली?"

पेव उघडायचं म्हणजे मात्र जपून. उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, जीव गुदमरतो. तोंड काही तास उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, तो जळत राहिला तरच माणूस उतरायचा.

मराठीत 'पेव फुटणे' म्हणतात ना, ते हेच पेव. एकदा फोडलं की माल संपता संपत नाही.

गंमत अशी की एकदा तोंड लिंपलं की आतला माल कोणी बघू शकत नाही. तरी त्याची विक्री होई. शेतकऱ्याकडून व्यापाऱ्याकडे, एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे, हळद जागेवरच आणि फिरायची ती चिठ्ठी. आत किती पोती आहेत, कसला माल आहे, हे चिठ्ठीवर आणि भरणाऱ्याच्या नावावर. पुढे याच गावात हळदीचे वायदेही होऊ लागले. स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज ही सांगलीची संस्था त्यासाठीच होती. वायद्यात पडून घर घालवलेली माणसं मामंजींनी पाहिली होती. सप्त व्यसनांतलं पहिलं द्यूत, ते वायद्याला त्यातच धरायचे. पण पेवाची चिठ्ठी त्यांना चालायची, कारण तिच्यामागे खरी हळद होती.

रुमालाखालचा सौदा

जुन्या काळी सौदे रुमालाखाली होत. अडत्या आणि खरीददार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा. त्याला शेवटी कळायचं, तेही अडत्या सांगेल तेवढंच. वर तोलाई, हमाली, अडत, नमुन्याचा माल, अशी कापाकापी. हे थांबावं म्हणून कायदे झाले. मुंबई इलाख्यात १९३९ चा, पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा. उघडा सौदा, परवान्याचा अडत्या, ठरलेला तोल. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालांनाही आधार मिळाला.

मैत्रिणींनो, दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यात दोन खास व्यापाऱ्यांसाठीचेच आहेत. एक हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देताना कमी मापानं आणि घेताना जास्त मापानं. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्या मालात हलका मिसळून चांगला म्हणून विकणं. सरकारला जे विसाव्या शतकात कायदा करून सांगावं लागलं, ते आपल्या आचार्यांनी कितीतरी शतकं आधी चोरीच्या सदरात घालून ठेवलं आहे. आणि तरीही रुमालाखाली हात घालणाऱ्यांत आपलीही माणसं होती. हे लपवून काय उपयोग? आपण सूत्र ऐकतो, सुपारी-बदाम चढवतो आणि घरी येतो.

शेत गेलं, बाजार राहिला

माझं लग्न होऊन मी आले तेव्हा आमच्या गावात हळदीचे प्लॉट दूरवर दिसत. आज बोटावर मोजण्याइतके. कारण उघड आहे. उपसा सिंचनानं पाणी आलं, कारखाने आले, आणि उसाला मजूर कमी, दराची थोडीफार हमी. हळदीला नऊ महिने लक्ष, मग काढणी, शिजवणी, वाळवणी, आणि शेवटी भाव काय मिळेल ते देवाला ठाऊक. बायकांनी हे काम फुकट करायचं बंद केलं, तेव्हा तर हळद परवडेचना. हे वाक्य शेतीच्या लेखांत सापडत नाही, म्हणून मी लिहिते. तिकडे तासगाव भागात द्राक्षं आणि बेदाणा आला, आणि त्यानं दुष्काळी गावांत पैसा नेला.

हळदीची शेतं आता मराठवाड्यात जास्त आहेत, हिंगोली-वसमतकडे. तेलंगणात निजामाबाद, तमिळनाडूत इरोड हे मोठे बाजार. पण सांगलीत सौदे चालूच आहेत. मराठवाड्याचा, कर्नाटकाचा, आंध्राचा माल इथे येतो. कारण पारख करणारी नजर, पॉलिश आणि पूड करणाऱ्या गिरण्या आणि पैसे वेळेवर देणारी पेढी, हे एका रात्रीत दुसरीकडे उभं राहत नाही. कसबे डिग्रजला हळदीचं संशोधन केंद्र आहे, तिथे 'कृष्णा' आणि 'फुले स्वरूपा' या जाती तयार झाल्या. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

२००५ चा पूर

आता लेकीला जे सांगायचं राहिलं आहे ते.

२००४ आणि २००५, दोन्ही वर्षी हळदीला भाव नव्हता. मामंजींनी दोन वर्षांचा माल हरिपूरच्या एका पेवात भरून ठेवला होता. सुमारे अडीचशे पोती. विकास सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. शेवटी जुलैमध्ये त्यांनी सौदा केला. परगावचा व्यापारी, दोन पिढ्यांचा संबंध. त्यानं अकरा हजार इसार दिला, मामंजींनी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. बाकीचे पैसे पाऊस उघडल्यावर, पेव फोडताना द्यायचे ठरलं.

पाऊस उघडला नाही. जुलै संपता संपता कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलावर पाणी चढत गेलं, हरिपूर पाण्याखाली गेलं. ज्या मातीत पाणी पाझरत नाही तिच्यावर वरूनच नदी उभी राहिली. पाणी ओसरल्यावर पेवं उघडली तर आतून काळं-पिवळं पाणी. हळद फुगलेली, बुरशी आलेली, आंबूस वास. माणसं रस्त्यावर ती पसरून बसली होती. पेव फुटणे या शब्दाचा असाही अर्थ असू शकतो, हे त्या दिवशी कळलं. पिढ्यान् पिढ्यांची कितीतरी पेवं त्या पुरात कायमची गेली.

बाजारातले लोक मामंजींना सांगू लागले, "अण्णा, चिठ्ठी गेली म्हणजे माल त्याचा. नुकसान त्याचं. तुम्ही बाकी मागा." रीत तशीच होती, ते खोटं बोलत नव्हते. आमचे हेही तेच म्हणत होते. मामंजी दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्याकडे गेले आणि इसाराचे अकरा हजार परत देऊन आले. म्हणाले, "त्यानं पेव उघडून माल बघितला नव्हता. माझ्या शब्दावर घेतला होता. न बघितलेला माल बुडाला, त्याचे पैसे कसे मागू?"

तेवढ्यात अजून एकजण दारात आला. म्हणाला, भिजलेली हळद मला द्या, वाळवून पूड करतो, चांगल्यात मिसळली की कळत नाही. दर बरा देत होता. मामंजींनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि नको म्हणून सांगितलं. ती सगळी हळद आमच्या शेतात खड्डा काढून पुरली. जिथून काढली तिथेच परत.

आमचे हे चार महिने वडिलांशी नीट बोलले नाहीत. मलाही राग होता. लेक तेव्हा बालवाडीत होती. सोसायटीचं कर्ज तसंच होतं. गावात लोक मामंजींचं कौतुक करत होते, देवळात त्यांचं नाव घेत होते, आणि मला वाटत होतं, कौतुकानं हप्ता भरत नाही.

हप्ता भरला तो आत्याबाईंच्या पाटल्यांनी. त्या त्यांच्या आईनं दिलेल्या होत्या. त्यांनी कोणाला न सांगता त्या काढून मामंजींसमोर ठेवल्या. त्या वर्षीच्या दशलक्षण पर्वात त्या नुसत्या काचेच्या बांगड्या घालून देवळात आल्या होत्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "आवळ होत होत्या."

पुढे २०१० मध्ये हळदीचा भाव क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढे गेला. तोवर ते पेव टिकलं असतं तर, हा हिशोब आमच्या घरात प्रत्येकानं मनात केला. मामंजींनी कधी तोंडानं केला नाही.

ते गेल्यावर त्यांची खातेवही माझ्या हातात आली. त्या वर्षाच्या पानावर एक ओळ आहे. पुरात हळद पोती अडीचशे, इसार परत अकरा हजार. पाटल्यांची नोंद नाही. मी आत्याबाईंना दाखवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "शब्द त्यांनी पाळला, ते त्यांनी लिहिलं. पाटल्या माझ्या होत्या, त्या कुणी लिहायच्या?"

म्हणून मी आज लिहिते आहे.

लेकीसाठी

हरिपूरची बहुतेक पेवं आता बंद आहेत. हळद गोदामात आणि शीतगृहात जाते, तिथे छापील पावती मिळते, विमा असतो, पावतीवर बँक कर्ज देते. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, २००५ पेक्षाही वर. शहराचं अपरंपार नुकसान झालं. ज्यांच्याकडे विमा होता त्यांना निदान मागायला एक जागा होती. हे चांगलंच झालं. कोणाचा शब्द पाळण्यासाठी कोणाच्या आईच्या पाटल्या लागू नयेत. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही.

पण मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही की मामंजींचं चुकलं. त्यांनी ती भिजलेली हळद विकली असती, तर ती कोणाच्या तरी डब्यात गेली असती. कदाचित फिरून माझ्याच.

तर लेकी, तुझा प्रश्न असा होता की कंद काढणाऱ्याच्या वाट्याला जे येतं त्याचं काय. ते येतंच. गृहस्थाची शेती आरंभाशिवाय होत नाही, म्हणून तर श्रावकाची व्रतं अणुव्रतं आहेत, महाव्रतं नाहीत. सूर्यास्ताला चुलाण बंद करणं, पाणी गाळणं, तोल खरा ठेवणं, बिघडलेला माल पुरून टाकणं, यातून तो दोष संपत नाही, कमी होतो. आणि तो कमी करायला पैसे पडतात, वेळ पडतो, आणि ते बरेचदा घरातल्या बाईच्या वाटणीतून जातात. आपण चिमूटभर हळद आमटीत घालून म्हणतो, ही चालते. चालते, पण ती चालती व्हावी म्हणून कोणाचे हात पिवळे झाले, हे तुला ठाऊक असावं.

यंदाही मी पूड न आणता अख्खी हळकुंडं आणली आहेत. राजापुरी, मोडली की आत केशरी दिसणारी. आत्याबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत, दिसतं कमी. तरी एकेक हळकुंड बोटांनी चाचपून, एकमेकांवर वाजवून बघतात. हलकं वाजलं की बाजूला टाकतात. काल त्यांनी माझ्या परातीतली चार बाजूला काढली.

"ही कमी शिजलीत," म्हणाल्या. "कोणी तरी घाई केली."

तुमच्या घरातल्या अशा न लिहिलेल्या नोंदी असतील तर सासूबाईंना, आईला विचारून ठेवा. त्यांना आठवतंय तोवर.